पालोमेताचे नाव आणि पालोमेताचे घर

मी, इरुपे लेगिसामोन, वय छप्पन, अविवाहित, राहणार पुएर्तो ताकुआराल, प्रांत कोरियेंतेस, व्यवसाय दर शुक्रवारी लोकांना नावे ठेवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने आणि मागे कोणी उभे नसताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. त्याबद्दल गावात दोन मते आहेत, पण डॉक्टर माझ्या बाजूचे आहेत आणि कायद्याला तेवढे पुरते. बिघाड हृदयाच्या एका झडपेत आहे. ती परवा मंगळवारी कोरियेंतेस शहरात बदलणार आहेत. तिथल्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचा रकाना होता. मी शेजारणीचे नाव घातले. कारकुनाने विचारले, नाते काय? मी म्हटले, भिंत. त्याने 'इतर' असे लिहून घेतले.

आमच्याकडे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात असेल, खाली तारीख आणि सही असेल, तर साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना आज दुपारी बोलावले आहे. सगळीकडे एकटीने सही करण्याचा मला कंटाळा आला आहे.

मला मूलबाळ नाही, आईवडील गेले, त्यामुळे कायद्याने ज्याला द्यावेच लागते असा माणूस उरलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एखादे सापडलेच, तर ते चुलत बहीण मिर्ताने लिहिले आहे असे समजावे.

कलम पहिले. राहते घर, मागच्या अंगणासह आणि लिंबाच्या झाडासह, शेजारीण एउलोहिया सोतेलो हिला द्यावे. ती बसस्टँडवर चिपा, म्हणजे साबुदाणापिठाचे चीज घातलेले पाव, विकते. तिच्या स्वयंपाकघरात भट्टी आणि ती अशी दोघी एका वेळी मावत नाहीत. मधली भिंत पाडायची तिला पूर्ण मुभा आहे. मी हयात असताना हे तिला सुचवले होते. ती म्हणाली, "भिंत पाडली तर मी ठोकू कशावर?" रोज सकाळी ती भिंतीवर दोनदा ठोकते आणि मी एकदा ठोकते. मी जिवंत आहे एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टर पाहण्याआधी माझी तब्येत ती भिंत पाहत होती.

मिर्ताला सूपचे मोठे चिनी मातीचे भांडे द्यावे. आजी गेल्यापासून प्रत्येक भेटीत ती ते डोळ्यांनी उचलून घरी नेत आली आहे. झाकण नाही. झाकण तिच्याकडेच आहे.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल त्यातून मला पुरावे. उरल्यास वाचनालयाच्या छपराला द्यावे. अट एकच: छपरावर, छपराखाली किंवा छपराच्या आसपास नगराध्यक्षांच्या नावाची पाटी लागता कामा नये. लागल्यास ते पैसे परत घेऊन कुत्र्यांना हाडे आणावीत.

कलम तिसरे. सायकल डॉन कासिमिरो यांना. ते निवृत्त पोस्टमन असून त्यांनी आपली स्वतःची सायकल माझ्याच सायकलीवर आपटून मोडली आहे. माझी टणक निघाली, त्यावर ते अजून रुसलेले आहेत. संगणक, कीबोर्ड (अ हे अक्षर दोनदा दाबावे लागते) आणि स्कॅनर यांची व्यवस्था कलम सहाप्रमाणे. मागच्या खोलीतले चित्रे काढायचे उतरते टेबल माझे नाही. ज्याचे आहे त्याने ते न्यायला यावे असा निरोप मी कधी पाठवला नाही आणि तो कधी आला नाही. त्यावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात.

कलम चौथे, वैर. नगराध्यक्षांनी माझ्या दफनाच्या वेळी भाषण करू नये. केलेच, तर पुरातल्या पंपांचा उल्लेख करावा आणि ते पंप कुठे आहेत तेही सांगावे. बाकी सर्वांना माफ केले आहे. ज्यांना माफ केलेले नाही त्यांना ते माहीत आहे.

कलम पाचवे. हे लांबेल. पण सूप आणि सायकल यांसाठी कोणी रविवार खर्च करत नाही. मी हे मृत्युपत्र या कलमासाठी लिहायला बसले आहे.

'ला पालोमेता' हे माझे साप्ताहिक. पालोमेता म्हणजे आमच्या नदीतला दातांचा मासा. उन्हाळ्यात पोहणाऱ्यांच्या पायाची बोटे चावतो, म्हणून नाव ठेवले. छापायला पैसे नव्हते तेव्हा वेबसाइट काढली. लिहीत मी होते आणि चित्रे निकानोर फ्लेइतास काढत होता. दर शुक्रवारी उजव्या कोपऱ्यात त्याचा मासा असे. त्या आठवड्यात गावात जे घडले असेल तसे माशाचे तोंड. लोक आधी मासा पाहत आणि मग मला वाचत. काही जण मासा पाहून थांबत. ते माझ्या लक्षात आहेत.

वेबसाइटला दोन गोष्टी लागतात, नाव आणि घर. आमच्या देशात नाव राजधानीतल्या सरकारी दफ्तरात नोंदवतात. घर, म्हणजे होस्टिंग, कुठल्याही कंपनीकडून भाड्याने घेता येते. दफ्तरात नाव नोंदवायला करखात्याची किल्ली, म्हणजे त्यांनी दिलेला पासवर्ड, लागते आणि किल्ली मिळवायला रांगेत उभे राहून फोटो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. मी तेव्हा म्हटले, सरकारला माझे बोट हवे असेल तर त्याने नदीत यावे. फ्लेइतासकडे किल्ली होती. म्हणून पालोमेताचे नाव फ्लेइतासच्या नावावर नोंदले गेले. यात कोणाला काही वावगे वाटले नाही. आमच्याकडे बेकरीचे नाव बेकरीवाल्याच्या माजी सुनेकडे आहे आणि शववाहिकेचे नाव मेकॅनिककडे. त्या दिवशी ज्याच्याकडे किल्ली होती, नाव त्याचे. घरही तेव्हा फ्लेइतासचेच होते, त्याच्या खोलीत गुरगुरणारा एक जुना सर्व्हर.

मग पूर आला आणि नगरपालिकेने घेतलेले पंप फक्त कागदावर चालले. कंत्राटदार निघाला फ्लेइतासच्या बहिणीचा नवरा. फ्लेइतास म्हणाला, "भाचीचं लग्न शनिवारी आहे. एक आठवडा थांब." मी म्हटले, पाणी थांबले नाही. शुक्रवारी लेख लागला. शनिवारी लग्नात वऱ्हाडी लेख वाचत बसले आणि नवऱ्यामुलाकडचे जेवण न करता उठले. फ्लेइतास त्या महिन्यात गाव सोडून पोसादास शहरात राहायला गेला. तो लेख मी आजही छापेन. शुक्रवारी की नाही, एवढ्यावर अधूनमधून विचार करते.

त्यानंतर मी एका कंपनीत माझ्या नावावर नवे घर घेतले आणि सगळे जुने लेख तिथे हलवले. नाव मात्र त्याच्याकडे. नावाने घराकडे बोट दाखवावे म्हणून दफ्तरातल्या नोंदीत दोन ओळी बदलाव्या लागतात, नव्या घराच्या दोन सर्व्हरांची नावे. ते नावाचा मालकच करू शकतो. कंपनीने पाठवलेल्या सूचनांत त्या दोन ओळी होत्या, पुढेही काहीबाही होते. पहिलीच पायरी दुसऱ्याच्या हातात असल्यावर पुढच्या वाचून काय करायचे? मी त्या दोन ओळी आणि नव्या घराचा तात्पुरता पत्ता फ्लेइतासला पाठवला. सोबत चार शब्द माझे घातले. ते इथे देत नाही, हे मृत्युपत्र एउलोहियासमोर वाचायचे आहे.

उत्तर आले नाही. आठवड्याभरात पालोमेताच्या नावावरून जुनी पाने गेली आणि एक पांढरे पान आले: या पत्त्यावर अद्याप काहीही नाही. म्हणजे त्याने मला बाहेर काढून दाराला कोरा कागद चिकटवला. मी समजले.

तेव्हापासून पालोमेता कंपनीच्या त्या तात्पुरत्या पत्त्यावर राहते. अक्षरे आणि आकडे यांची लांबच लांब माळ, तुरुंगातल्या कैद्याच्या नंबरासारखी. तो पत्ता मी चिठ्ठ्यांवर लिहून वाटला. लोक चिठ्ठी खिशात घालतात आणि विजारीबरोबर धुतात. नाव टाइप करणाऱ्यांना कोरे पान दिसते आणि ते समजतात की पालोमेता मेली. मागच्या वर्षी मासळीबाजारात एकाने माझे सांत्वनही केले. मी दर शुक्रवारी लिहिते. उजवा कोपरा रिकामा ठेवते.

करखात्याची किल्ली मी नंतर मिळवली, ठसे देऊन. नाव दरवर्षी नव्याने भरावे लागते. चुकले तर सुटते आणि कोणीही घेऊ शकते. म्हणून दरवर्षी मुदतीच्या दिवशी मी किल्ली हातात घेऊन दफ्तराच्या पानावर मुदतीची तारीख पाहत बसते. आणि दरवर्षी फ्लेइतास शेवटच्या दिवशी मुदत वाढवतो. पहिल्या वर्षी मी त्याला हलकट म्हटले. दुसऱ्या वर्षीही म्हटले, पण तारीख पुढे सरकली तेव्हा पाठ टेकून बसले. अलीकडे त्या दिवशी मी चांगला झगा घालते. त्याची बहीण माझ्याशी बोलत नाही आणि त्याच्याबद्दल विचारावे असे गावात कोणी उरलेले नाही. तो जिवंत आहे हे मला वर्षातून एकदा तेवढे कळते.

शिवाय पालोमेताच्या घराच्या हिशेबात कोण कुठून येऊन वाचतो ते दिसते. बहुतेक शोधयंत्रांचे रोबो असतात. पोसादासचाही एक रोबो आहे. तो दर शुक्रवारी लोक तेरेरेचा, आमच्या पाल्याच्या थंड चहाचा, पेला भरतात त्या वेळेला येतो आणि प्रत्येक लेख तळापर्यंत वाचतो. रोबोच असणार.

कलम सहावे. माझ्या मागे भाडे थांबले की कंपनी घर रिकामे करील आणि आजवरचे सगळे शुक्रवार पुसले जातील. त्यांची प्रत दुसरीकडे कुठे नाही. म्हणून पालोमेताचे घर, त्यातल्या सर्व लेखांसह, संगणक आणि स्कॅनर, मी निकानोर फ्लेइतास, राहणार पोसादास, याला देते. अट: त्याने त्या दोन ओळी स्वतःच्या हाताने बदलाव्यात आणि नाव व घर एकत्र आणावे. पासवर्ड एउलोहियाच्या साबुदाणापिठाच्या डब्यात आहे. जिवंत बाईकडून हे घ्यायला त्याला जड गेले असते. मेलेल्या बाईसमोर माणसाला मान वळवायला लागत नाही.

*

येथे मृत्युपत्र थांबले. कारण नोंदवते.

साक्षीदार जेवणानंतर आले. डॉन कासिमिरो यांनी येताना सायकल कडेने पाहून घेतली. एउलोहिया म्हणाली, "वाच आधी. कशावर सही करतेय ते कळू दे." मी वाचले. सूपच्या भांड्याला ती हसली, भिंतीला ॲप्रनला हात पुसत राहिली आणि सहाव्या कलमाला तिने पेन खाली ठेवले.

"म्हणजे तू मेल्यावर तो त्या दोन ओळी लिहिणार."

"हो."

"जिवंतपणी नाही."

"ते त्याला विचार."

"मी कशाला विचारू? फोन तुझ्याकडे, तोंड तुझ्याकडे. आणि तोंड तर केवढं आहे पोरी!"

"दुपारच्या झोपेची वेळ आहे," डॉन कासिमिरो म्हणाले. "आत्ता फोन वाजला तर माणूस धसकेल. या वेळेला फक्त मयताचे फोन येतात."

"धसकू दे. मी नाही सही करत." एउलोहियाने पेन माझ्याकडे सरकवले. "सही लागतच नाही म्हणालीस ना? मग कर एकटीच."

मी तिच्याकडे पाहिले. ती लिंबाच्या झाडाकडे पाहत होती. मी नंबर लावला. तो मला पाहावा लागला नाही.

तीन-चार वेळा वाजला. मग पंख्याचा आवाज, आणि मग तो.

"कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. मंगळवारी बघू."

तिकडे खुर्ची सरकली.

"लेगिसामोन," तो म्हणाला. "मंगळवारी काय आहे?"

"झडप बदलतायत. हृदयाची."

"म्हणजे होतं तर."

एउलोहिया तोंडाला पदरासारखा ॲप्रन लावून हसली. ती माझ्या बाजूने साक्षीला आलेली होती, हे नोंदवून ठेवते.

"हे बघ फ्लेइतास, मी मृत्युपत्र लिहितेय. पालोमेताचं घर तुला देतेय. फक्त त्या दोन ओळी बदल, म्हणजे मी सुटले."

"कुठल्या दोन ओळी?"

"मी पाठवल्या होत्या त्या."

"त्या बदलल्या की."

"कधी?"

"तू पाठवल्यास त्याच आठवड्यात. शिव्या सोडून. शिव्यांना तिथे रकाना नव्हता."

मी म्हटले, थापा मारू नकोस. तो म्हणाला, दफ्तराचं पान उघड, पालोमेता टाक, आणि खाली जा. मी उघडले. वर मुदतीची तारीख होती, जी मी दरवर्षी पाहते. त्याखाली, पान जरा वर सरकवल्यावर, माझ्या कंपनीच्या सर्व्हरांची नावे होती. दोन्ही. नगरपालिकेच्या प्रत्येक निविदेची शेवटची ओळ मी आधी वाचते. इथे मी एकदाही खाली गेले नव्हते. मला तारीखच हवी असायची.

"मग ते कोरं पान कोणाचं आहे?"

"तुझ्याच कंपनीचं. मी नाव तुझ्या दारापर्यंत आणून सोडलं, आणि दार म्हणतं, या नावाचं इथे कोणी राहत नाही. मला वाटलं, तूच आतून तसं सांगून ठेवलंयस."

"मी कशाला सांगेन?"

"शनिवारी लग्न असताना शुक्रवारी लेख कशाला लावशील?"

डॉन कासिमिरो उगीचच चष्मा पुसत राहिले.

"घराला सांगितलंस का, त्याचं नाव काय ते?" फ्लेइतासने विचारले.

"घराला कशाला सांगायचं? घर माझं आहे."

"घराला तेच ठाऊक नसतं, बाई. एका छपराखाली शेकडो घरं असतात. दफ्तर फक्त रस्ता दाखवतं. आत कोणतं दार उघडायचं ते घरमालकानं सांगावं लागतं. दुसरी पायरी. वाचली नाहीस ना?"

"पहिली तुझ्याकडे होती."

"आणि मी इतकी वर्षं दुसरीची वाट बघतोय."

त्याने सांगितले तसे मी खाते उघडले. एका कोपऱ्यात लिहिले होते: डोमेन जोडा. त्याखाली एक रिकामी चौकट. पालोमेताचे पूर्ण नाव टाइप केले. अ दोनदा दाबावा लागला. बटण दाबले. खाली हिरव्या अक्षरांत आले की जोडले गेले आहे, सर्वत्र दिसायला वेळ लागू शकतो, कदाचित उद्यापर्यंत.

"झालं?" एउलोहिया म्हणाली. "एवढंच होतं?"

एवढेच होते.

मी पालोमेताचे नाव टाइप केले. कोरे पान. पुन्हा केले. कोरे पान.

"नाही दिसत."

"तू सारखी बघत असतेस, म्हणून तुझ्या यंत्रानं जुनं पान धरून ठेवलंय. थांब." त्याच्याकडे कीबोर्ड वाजला. मग पंखा.

"फ्लेइतास?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"सगळं. शुक्रवारचं कालव्यावरचं. वर पालोमेताचं नाव." आणि थोड्या वेळाने, "तो उजवा कोपरा रिकामा का ठेवतेस दर वेळी?"

म्हणजे रोबो नव्हता.

"भाड्यानं द्यायचाय," मी म्हटले.

*

कलम सातवे. कलम सहामधली अट रद्द करण्यात येत आहे. ती मी घालण्याच्या कित्येक वर्षे आधीच पुरी झालेली होती. बाकीची कलमे कायम. मंगळवारी मी परत आले नाही, तर पालोमेताचे घर फ्लेइतासचे आणि नाव त्याचेच, आणि त्या दोघांना पुन्हा वेगळे करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परत आले, तर शुक्रवार माझा. उजव्या कोपऱ्यात दुसऱ्या कोणाचेही चित्र लागू नये. उतरत्या टेबलावरचे इस्त्रीचे कपडे एउलोहियाने आजच उचलावेत.

हे लिहीपर्यंत माझ्या पडद्यावर तेच कोरे पान आहे. पोसादासला दिसते, असे फ्लेइतास म्हणतो. मी स्वतः पाहिल्याशिवाय आजवर कोणाचे काही मानलेले नाही आणि छापलेले तर नाहीच. या एका बाबतीत त्याचा शब्द मी पुरावा म्हणून दाखल करून घेत आहे.

वाचून, समजून, स्वहस्ते लिहिले.

पुएर्तो ताकुआराल, रविवार, बारा नोव्हेंबर दोन हजार तेवीस.

(सही) इरुपे लेगिसामोन

साक्षीदार:

(सही) एउलोहिया सोतेलो. नाते: भिंत.

(सही) कासिमिरो बाएस, निवृत्त पोस्टमन. सायकलबद्दल माझी तक्रार कायम ठेवून.

तिसरा, फोनवर हजर: निकानोर फ्लेइतास, पोसादास. सही नाही. फोन अजून दोघांपैकी कोणी ठेवलेला नाही.